शाळेच्या आयटीत सरकारी मानकं रोजच्या कामात कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून तीन महिन्यांपूर्वी इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत आयटी मॅनेजर म्हणून रुजू झालो. चारशेच्या आसपास मुलं आहेत आणि आयटीला मी एकटाच. मुख्याध्यापकांनी शिक्षण खात्याची डिजिटल आणि तंत्रज्ञान मानकं छापून हातात दिली आणि गव्हर्नरांच्या (शाळेच्या नियामक मंडळाच्या सदस्यांच्या) पुढच्या बैठकीत "आपण यातली किती पाळतो" ते सांगायला सांगितलं. एक्सेलमध्ये तक्ता केला, तर बहुतेक खाने लाल निघाले. प्रिंटर, विसरलेले पासवर्ड आणि वर्गातले अडून बसलेले स्क्रीन यांतून वेळ उरत नाही. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात आधी तो तक्ता आठवडाभर बंद करून ठेवा. मी सोळा वर्षं इथल्या शाळांची आयटी सांभाळते आहे, सध्या एका ट्रस्टच्या सात शाळा माझ्याकडे आहेत, आणि मानकांचा पहिला तक्ता प्रत्येक शाळेत लालच निघालेला मी पाहिला आहे. लाल रंग दिसला की माणूस सोपं ते आधी हिरवं करायला घेतो. कुठून तरी धोरणाचा नमुना उतरवतो, त्यात शाळेचं नाव घालतो, खाना हिरवा होतो. कपाटातलं नेटवर्क स्विच (सगळ्या केबल जिथे येऊन जोडल्या जातात ते यंत्र), मुलांच्या हातातला आयपॅड आणि कार्यालयातला सर्व्हर मात्र काल होते तसेच आज असतात.

माझ्या तक्त्यात रंग नाहीत. प्रत्येक ओळीपुढे दोनच गोष्टी लिहिते: हे शेवटचं कोणी तपासलं आणि कोणत्या तारखेला. नाव आणि तारीख नसेल, तर ते मानक आपण पाळतो असं मी म्हणत नाही, यंत्र कितीही महागाचं असलं तरी. ही एक सवय लागली की मानकं रोजच्या कामापासून वेगळी राहत नाहीत. तुम्ही तसंही रोज काहीतरी तपासतच असता, फक्त ते लिहिलं जात नाही.

मानकांचा इतिहास एका दमात सांगते, कारण मुख्याध्यापकांशी बोलताना तो उपयोगी पडतो. खात्याने पहिली मानकं मार्च २०२२ मध्ये आणली, त्यात इंटरनेट जोडणी, केबल, स्विच आणि वाय-फाय होतं. पुढे सायबर सुरक्षा, क्लाउड, सर्व्हर आणि साठवण, लॅपटॉप आणि टॅबलेट, सुलभता, डिजिटल नेतृत्व अशी भर पडत गेली. फिल्टरिंग आणि मॉनिटरिंगची मानकं २०२३ च्या मार्चमध्ये आली. मार्च २०२५ मध्ये खात्याने त्यातली सहा मूलभूत म्हणून निवडली आणि २०३० पर्यंत सगळ्या शाळा तिथवर पोहोचाव्यात अशी अपेक्षा मांडली. ती सहा म्हणजे ब्रॉडबँड, वाय-फाय, स्विच, डिजिटल नेतृत्व, फिल्टरिंग-मॉनिटरिंग आणि सायबर सुरक्षा. त्यामुळे छापलेल्या गठ्ठ्यातली ही सहा वर काढा, बाकीची तूर्त खाली ठेवा.

या सहांतही सगळ्यांचा जोर सारखा नाही. फिल्टरिंग आणि मॉनिटरिंगला २०३० ची मुदत लावून चालत नाही. "कीपिंग चिल्ड्रेन सेफ इन एज्युकेशन" हे बालसुरक्षेचं वैधानिक मार्गदर्शन शाळांना आजच लागू आहे, आणि त्यातच या मानकांचा निर्देश आहे. म्हणून माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

पण त्याआधी जबाबदारीचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नात ती चुकीच्या खांद्यावर आलेली दिसते. मानकं नीट वाचलीत तर दिसेल, की डिजिटल तंत्रज्ञानाची जबाबदारी शाळेच्या वरिष्ठ नेतृत्वातल्या एका माणसाकडे असावी असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. फिल्टरिंगसाठी वरिष्ठ नेतृत्वातली एक व्यक्ती आणि एक गव्हर्नर नेमायचा असतो, आणि मुलांच्या सुरक्षिततेची धुरा सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे त्यासाठीच नेमलेल्या कर्मचाऱ्याकडे, असते. तुमचं काम तांत्रिक बाजू सांभाळण्याचं, अहवाल देण्याचं आणि खरं ते सांगण्याचं आहे. कोणती साइट मुलांना उघडी ठेवायची, कोणत्या वर्गाला किती मोकळीक द्यायची, हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. मी सुरुवातीची काही वर्षं हे सगळं एकटीने ठरवत होते, कारण कोणी विचारत नव्हतं आणि मलाही ते झटपट होतं म्हणून बरं वाटायचं. आज त्या निर्णयांपैकी एकाचाही कागद माझ्याकडे नाही. मुख्याध्यापकांकडे जाऊन सरळ विचारा: "वरिष्ठ नेतृत्वात डिजिटलचं कोण बघणार?" ते नाव मिळालं की नेतृत्वाच्या मानकाला हात लागला, आणि तुमच्या पाठीशी एक माणूस उभा राहिला. यातला दुसरा फायदा मोठा आहे.

आता फिल्टरिंग. इथे मी तुमचा वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्यांची झळ थेट मुलांना बसते.

फिल्टर म्हणजे काय येऊ द्यायचं नाही ते अडवणारी भिंत. मॉनिटरिंग म्हणजे मुलं काय करताहेत यावर असलेलं लक्ष, मग ते वर्गातून फिरणाऱ्या शिक्षिकेचं असो किंवा सॉफ्टवेअरचं. बऱ्याच शाळांत फिल्टर घेतलेला असतो आणि मॉनिटरिंगही त्यातच आलं असं समजलं जातं. फिल्टरचे लॉग (त्याने केलेल्या नोंदी) कोणी उघडून वाचत नसेल, तर त्या शाळेत त्या बाजूचं मॉनिटरिंग नाही. तुमच्या शाळेत सूचना कोणाच्या मेलवर येतात ते उद्याच बघा. दोन शाळांत मला त्या दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जाताना सापडल्या आहेत.

फिल्टर पुरवणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तो इंटरनेट वॉच फाउंडेशनचा सदस्य आहे, त्यांची बालशोषणाच्या मजकुराची यादी अडवतो, आणि दहशतवादविरोधी पोलीस पथकाची यादीही अडवतो. मग स्वतः तपासा. साउथ वेस्ट ग्रिड फॉर लर्निंग या संस्थेचं "टेस्ट फिल्टरिंग" नावाचं मोफत साधन आहे. ते ब्राउझरमध्ये उघडलं की या याद्या आणि प्रौढांसाठीचा मजकूर अडतो का, ते सुरक्षितपणे कळतं. चाचणीसाठी बेकायदा मजकूर स्वतः शोधायचा नाही, कधीच नाही. हेतू कितीही चांगला असला तरी तो गुन्हा ठरू शकतो, आणि शाळेतल्या इतरांनाही हे स्पष्ट सांगून ठेवा.

ही तपासणी तुमच्या टेबलावरच्या संगणकावर करून उपयोग नाही. तुमचं खातं ॲडमिनचं, तुमचा संगणक वायरने जोडलेला. मुलाचं खातं घ्या, ट्रॉलीतला लॅपटॉप घ्या, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जाऊन बसा. मग आयपॅड घ्या. मग पाहुण्यांच्या वाय-फायवर स्वतःचा फोन जोडा. मग शिक्षकांना घरी नेण्यासाठी दिलेला लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर लावा. मानकातही हेच अपेक्षित आहे: वेगवेगळी उपकरणं, शाळेतल्या वेगवेगळ्या जागा, वेगवेगळे वापरकर्ते, आणि शाळेबाहेर जाणारी यंत्रंसुद्धा. विंडोजवर अगदी चोख चालणारा फिल्टर आयपॅडवर अर्धवट चालताना मी अनेकदा पाहिला आहे. फिल्टरचं प्रमाणपत्र (सांकेतिक जोडणीतला मजकूर फिल्टरला वाचू देणारी फाइल) बसवायचं राहून गेलेलं असतं, किंवा एखादं ॲप आपलं आपण वेगळ्या वाटेने बाहेर जात असतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था; ब्राउझरमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (हीच विचारणा सांकेतिक रूपात लपवून करण्याची सोय) चालू असेल, तर नुसत्या डीएनएसवर विसंबलेला फिल्टर आंधळा होतो. ते धोरणातून बंद करा, फिल्टरला वळसा घालायला वापरले जाणारे व्हीपीएन आणि प्रॉक्सीही अडवा.

एक गोष्ट आपल्यासारख्या इथल्या मराठी माणसांनी आवर्जून करावी अशी. फिल्टरला इंग्रजीखेरीज इतर भाषांतला मजकूरही कळावा अशी मानकाची अपेक्षा आहे. इथल्या वर्गांत घरी दुसरी भाषा बोलणारी कितीतरी मुलं असतात आणि त्यांना त्या भाषेतल्या शिव्या इंग्रजीच्या आधी येतात. मी मराठी आणि हिंदी शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत टाकून बघते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा जवळपास सगळे शब्द बिनदिक्कत आत गेले होते. पुरवठादाराला तशी यादी पाठवली आणि त्यांनी ती घेतली. ज्या भाषा आपल्याला येत नाहीत त्यांसाठी शाळेतल्या त्या भाषिक सहायकांची मदत मागितली. हे काम आपण केलं नाही, तर दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही येणार नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक. एका शाळेत इंटरनेटची बॅकअप लाइन मी बसवली, कारण मुख्य जोडणी तुटली तर पर्यायी वाट हवी असं ब्रॉडबँडचं मानक सांगतं. मोबाइल नेटवर्कवरचा राउटर होता, मुख्य लाइन पडली की आपोआप चालू होणारा. काही महिन्यांनी रस्त्याच्या कामात फायबर तुटली. मिनिटभरात बॅकअप चालू झाला, कार्यालयाचं काम थांबलं नाही, मला समाधान वाटलं. दुपारी सहावीच्या शिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, मुलं आज नेहमी बंद असणाऱ्या साइटवर जाताहेत. आमचा फिल्टर मुख्य लाइन पुरवणाऱ्याच्या नेटवर्कमध्ये होता. बॅकअप लाइन त्याला वळसा घालून थेट बाहेर जात होती. पाच तास पूर्ण शाळा फिल्टरशिवाय चालली होती. ब्रॉडबँडच्या ओळीपुढे बरोबरची खूण, फिल्टरिंगच्या ओळीपुढेही बरोबरची खूण, आणि दोन्ही एकत्र आल्यावर मुलं उघडी पडली. त्याच दुपारी सेफगार्डिंग लीडला सांगितलं, लिहून काढलं, आणि संध्याकाळपर्यंत बॅकअप लाइनवरून मुलांची सगळी जोडणी बंद केली. आता दर सत्रात एकदा मी मुख्य लाइनची वायर हाताने काढते आणि बॅकअपवर फिल्टर तपासते. मानकं वेगवेगळ्या पानांवर लिहिलेली असतात, पण शाळेत एकच नेटवर्क असतं. म्हणून एखादी नवी वस्तू बसवली की ती दुसऱ्या कोणत्या मानकाला छेद देते का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा.

तपासणीची नोंद साधी ठेवा. कधी, कोणी, कोणत्या यंत्रावर, काय दिसलं, पुढे काय केलं. वर्षातून निदान एकदा पूर्ण आढावा सेफगार्डिंग लीड आणि जबाबदार गव्हर्नर यांच्यासोबत बसून घ्यायचा असतो. मी गव्हर्नरांच्या हातात आयपॅड देते आणि त्यांनाच शोधायला सांगते. अहवालाच्या दहा पानांनी जे कळत नाही, ते पाच मिनिटांत कळतं.

सायबर सुरक्षेकडे येते. सायबर सुरक्षा म्हटलं की मोठी फायरवॉल डोळ्यांपुढे येते, पण प्राथमिक शाळेत खरा धोका खात्यांमध्ये असतो. जे सोडून गेले त्यांची खाती चालू, दहा बदली शिक्षकांत मिळून एकच लॉगिन, आणि तुम्ही स्वतः मेल वाचता त्याच खात्याला सर्व्हरचे सगळे अधिकार. शेवटची गोष्ट आज दुपारीच बदला. ॲडमिनसाठी वेगळं खातं करा, त्याला मेल नको, आणि ते फक्त गरजेपुरतं वापरा. पहिल्या गोष्टीसाठी कार्यालयातल्या ज्या बाई पगारपत्रक बघतात त्यांच्याशी मैत्री करा. कोण येतं, कोण जातं हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. आमच्याकडे त्या दर शुक्रवारी एक ओळीचा मेल टाकतात, "कोणी नाही" असला तरी. हा मेल आल्यापासून एकही जुनं खातं उघडं राहिलेलं नाही.

दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर बहुधा फोनवरून दुसरी खात्री) निदान ज्यांच्याकडे संवेदनशील माहिती आहे अशा सगळ्यांना लावा: मुख्याध्यापक, कार्यालय, सेफगार्डिंग, विशेष गरजांच्या मुलांचं काम बघणारे. मग हळूहळू सगळ्या कर्मचाऱ्यांना. विरोध होईल. "माझा स्वतःचा फोन शाळेच्या कामाला का वापरू?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर वाद घालू नका. त्यांच्यासाठी किल्लीसारखी छोटी सुरक्षा-की मिळते, ती शाळेने विकत द्यावी. पासवर्डसाठी राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राचा तीन असंबद्ध शब्दांचा सल्ला मी शिक्षकांना शिकवते, तो त्यांना लक्षात राहतो. याच केंद्राने शाळेतल्या कर्मचाऱ्यांसाठी मोफत प्रशिक्षण तयार केलं आहे. सप्टेंबरमधल्या प्रशिक्षणाच्या दिवशी ते सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा. ज्याने त्याने आपापलं बघा म्हटलं तर ते होत नाही.

अपडेटबद्दल नियम नेमका आहे: गंभीर धोक्याची अपडेट चौदा दिवसांच्या आत बसली पाहिजे. कंपनीत हे सोपं असतं, तिथे संगणक रोज चालू होतो. शाळेत लॅपटॉप ट्रॉलीत झाकण लावून पडलेले असतात. वर्गात पंचेचाळीस मिनिटांसाठी बाहेर येतात आणि नेमकी तेव्हाच अपडेट सुरू झाली की शिक्षिका हताश होतात, मुलं वाट बघत बसतात. म्हणून मी ट्रॉल्यांची पाळी लावली आहे. दर बुधवारी शाळा सुटल्यावर एका ट्रॉलीतले सगळे लॅपटॉप उघडून चालू करते आणि दोन तास तसेच ठेवते. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीनंतर तर पहिले दोन दिवस यातच जातात, त्यासाठी शाळा भरण्याआधी हजर राहायची बोली मुख्याध्यापकांशी आत्ताच करून ठेवा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे अजून ते चालणारे संगणक असतील तर त्यांची मोजणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी. त्यातले किती विंडोज ११ वर जातात, किती बदलावे लागतील, आणि मधल्या काळासाठी वाढीव सुरक्षा अपडेट विकत घ्यायचे का, हे तीन आकडे घेऊनच पैशांचं बोलायला जा.

बॅकअप. मानकाची मागणी अशी की तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या उपकरणांवर, आणि त्यातली निदान एक शाळेच्या बाहेर. मी यात एक भर घालते: एक प्रत अशी असावी जिला नेटवर्कवरून हात लावताच येत नाही. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) घालणारे आधी बॅकअप शोधतात. आणि मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलच्या क्लाउडमध्ये सगळं ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. तिथे फाइल सुरक्षित राहते, पण कोणी चुकून किंवा मुद्दाम पुसली आणि मुदत उलटली, की ती गेली.

रोज सकाळी "बॅकअप यशस्वी" असा मेल येतो म्हणून मी एका शाळेत वर्षभर निश्चिंत होते. एकदा एका शिक्षिकेने मुलांच्या प्रगतीचा फोल्डर मागितला. बॅकअप उघडला, तर तो फोल्डर त्यात नव्हता. मधल्या काळात नवी ड्राइव्ह जोडली होती, बॅकअपच्या यादीत ती घालायची राहिली होती. जुनी ड्राइव्ह दर रात्री यशस्वीपणे साठवली जात होती. त्या बाईंचं तीन महिन्यांचं काम गेलं. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते मला आजही टोचतं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कोणा एका शिक्षकाला विचारते, "तुमच्या कामाची एक फाइल सांगा," आणि ती बॅकअपमधून काढून दाखवते. फाइल मी निवडत नाही, ते निवडतात. नाव, तारीख, किती मिनिटं लागली, एवढं लिहून ठेवते.

हल्ला झालाच तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर छापून कपाटात ठेवा. संगणक बंद पडल्यावर संगणकातली योजना वाचता येत नाही. मुलांची किंवा पालकांची वैयक्तिक माहिती बाहेर गेली आणि त्यांना त्याची झळ पोहोचण्याची शक्यता असेल, तर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला ७२ तासांत कळवावं लागतं. हे तास शनिवार-रविवार धरून मोजले जातात. शाळा सरकारी जोखीम-संरक्षण योजनेत असेल तर सायबरच्या अटी तिच्या नियमावलीत वाचून घ्या. त्या पाळल्या नाहीत तर ऐन वेळी संरक्षण मिळणार नाही.

उरलं ते केबल, स्विच आणि वाय-फाय. इथे तुमच्या हातात आत्ता फार नाही, पैसे लागतात. म्हणून मोजून ठेवायचं आणि योग्य क्रमाने मागायचं. प्राथमिक शाळेला निदान १०० एमबीपीएस डाउनलोड आणि ३० एमबीपीएस अपलोड हवा. करारात काय लिहिलंय ते बघा आणि सकाळी दहाला, सगळे वर्ग चालू असताना, खरोखर काय मिळतं ते मोजा. वाय-फायसाठी सिग्नल दिसतो म्हणजे झालं असं नाही. तीस मुलं एकाच वेळी जोडली की काय होतं ते बघायचं. तुमच्याकडे याची वेळ ठरलेलीच आहे: चौथीच्या मुलांची पाढ्यांची चाचणी जूनमध्ये स्क्रीनवर होते, पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. त्या मुलांना अडखळणारं यंत्र देणं अन्याय आहे. सरावाच्या पानावर अख्खा वर्ग आधी बसवून बघा.

खर्चाचा क्रम मात्र उलटा करू नका. चकचकीत ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रं) आधी घेतले जातात, कारण ते दिसतात. मग कळतं की जुनं स्विच त्यांना पुरेशी वीज देत नाही, आणि भिंतीतली केबल तो वेग पेलत नाही. आधी केबल, मग स्विच, मग वाय-फाय. नवी केबल टाकायची तर मानक कॅट ६ए (वेगवान नेटवर्क केबलचा एक दर्जा) सांगतं. मुख्य स्विचला यूपीएस असावा आणि सगळे स्विच एका ठिकाणाहून सांभाळता यावेत. ड्रिलिंगला हात घालण्याआधी शाळेचं ॲस्बेस्टॉस रजिस्टर (हा आरोग्याला घातक बांधकाम-पदार्थ इमारतीत कुठे आहे त्याची नोंद) मागा. २००० सालाआधीच्या इमारतींत ते असू शकतं, आणि घाईत पाडलेलं एक भोक वर्ग बंद करायला लावू शकतं. बाहेरचा कंत्राटदार रजिस्टर न बघता कामाला लागला तर त्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणखी एक, जुन्या टेलिफोन लाइन जानेवारी २०२७ मध्ये बंद व्हायच्या आहेत. आगीचा गजर किंवा लिफ्टमधला फोन अजून त्यावर आहे का, हे शाळेच्या देखभालवाल्यांसोबत आत्ताच फिरून बघून घ्या.

हे सगळं बसवायचं कुठे? माझा आठवडा असा आहे. सोमवारी सकाळी वीस मिनिटं बॅकअप आणि अँटिव्हायरसचे अहवाल. बुधवारी ट्रॉली. शुक्रवारी कार्यालयाचा तो एका ओळीचा मेल आणि खाती बंद करणं. रोज दुपारी ज्या वर्गात प्रिंटरसाठी किंवा स्क्रीनसाठी जाते, तिथला एक लॅपटॉप उघडून फिल्टर बघते आणि त्याच्या मागचा क्रमांक यादीशी ताडते. वर्षअखेर सगळी यंत्रं आपोआप मोजून होतात, वेगळी मोहीम काढावी लागत नाही. मे-जूनमध्ये परीक्षांच्या दिवसांत नेटवर्कमध्ये कोणताही बदल करत नाही, कितीही मोह झाला तरी. सायबर धोक्यांचं मूल्यमापन वर्षातून एकदा होतं आणि दर सत्रात त्यावर नजर फिरवायची असते, ते मी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांसोबत तासभर बसून करते.

खात्याची "प्लॅन टेक्नॉलॉजी फॉर युवर स्कूल" ही मोफत सेवाही वापरा. ती प्रश्न विचारत जाते आणि पुढे काय करायचं ते सुचवते. पण ती उत्तरं एकट्याने भरू नका. डिजिटलचं बघणारे वरिष्ठ शेजारी बसवा आणि "आहे" असं म्हणण्याआधी दोघांनी मिळून "कशावरून?" असं विचारा.

गव्हर्नरांच्या बैठकीसाठी एकच पान न्या. वरच्या भागात पाच-सहा ओळी: काय तपासलं, कोणी, कधी, काय निघालं. चांगलं निघालेलंही लिहा आणि वाईट निघालेलंही. मधल्या भागात ज्याला पैसे लागत नाहीत आणि जे तुम्ही या सत्रात करणार आहात ते. खालच्या भागात ज्यावर त्यांचा निर्णय हवा अशा दोन गोष्टी, तीन नकोत: बहुधा विंडोज १० चे संगणक आणि फिल्टरसाठी जबाबदार गव्हर्नर. बॅकअप लाइन असेल तर बैठकीच्या आधी ती एकदा चालू करून बघा, आणि त्या दिवशीची तारीख पानावर तुमच्या नावासमोर लिहा.